तलवार कोपरातून का आली?

रोब्लॉक्समध्ये दोन पार्ट जोडायला एक वेल्ड पुरतो. ते हव्या त्या जागी जोडायचे असतील, तर मात्र प्रत्येक पार्टच्या बाजूने विचार करावा लागतो. सगळी गडबड तिथेच होते.

माझी मामेबहीण सांगलीत नववीत शिकते. ‘तिला गणित जमत नाही’ हे तिने घरात इतक्यांदा ऐकलंय, की आता ती स्वतःच तसं सांगते. गेल्या उन्हाळ्यात तिने गेम बनवायला घेतला. योद्ध्याच्या हाताला तलवार जोडली, तर ती कोपरातून आरपार! स्क्रिप्टमधून तलवारीची सीफ्रेम बदलली, तर तिच्याबरोबर अख्खा योद्धाच सरकला. ‘दादा, हे पण गणितच निघालं. सोडून देते,’ असा तिचा मेसेज आला.

मी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, तलवार राहू दे, सांधा बघ. वेल्डला दोन मापं लागतात. सी० म्हणजे पहिल्या पार्टच्या मध्यापासून सांधा कुठे आहे ते, आणि सी१ म्हणजे दुसऱ्याच्या मध्यापासून तोच सांधा कुठे आहे ते. दोन्ही रिकामी ठेवली की दोघांचे मध्य एकावर एक बसतात. आणि हाताचा मध्य म्हणजे कोपर.

तिने वहीत आकृती काढली. आर६ बांध्यात हात २ स्टड लांब, म्हणजे पंजा मध्यापासून १ खाली: सी० (०, -१, ०). तिची तलवार ४ स्टडची, मूठ मध्यापासून दीड खाली: सी१ (०, -१.५, ०). मूठ पंजात आली, पण पातं वर खांद्याकडे. ते पुढे वळवायला उणे ९० अंश हवेत. कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. रेडियन अकरावीत येतात, पण मॅथ.रॅड लिहिलं की अंशांचं रूपांतर होतं. तिने वळण आधी लिहिलं आणि सरकणं नंतर. मूठ हाताच्या मागे हवेत, पातं पुन्हा कोपरातून आरपार.

मी उत्तर सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘आधी वळून मग चाललं तर भलतीकडेच पोचणार ना? चौकापर्यंत जाऊन वळायचं असतं, दारातच नाही.’ तिने क्रम उलटा केला. तलवार मुठीत, टोक पुढे.

गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं, असं आपण शाळेत शिकतो. सीफ्रेमच्या गुणाकारात ते बदलतं. हे तिला कुणीही न सांगता कळलं होतं.

ढाल तिने एकटीनेच जोडली. मला फक्त स्क्रीनशॉट आला. तो मी मामीला पाठवला आणि फोन करून सांगितलं, ‘मामी, ते गणिताचं वाक्य आता तिच्यासमोर बोलू नका.’