त्रिकोण

महाडला २०२१ च्या जुलैत सावित्रीने आमचा खालचा मजला बुडवला, तेव्हापासून गाणे माडीवर चढले. स्पीकर भिंतीला टेकवले की खर्ज घुमतो. मल्लिकार्जुन मन्सूर जणू रांजणातून गातात. (दोष अण्णांचा नव्हे!) म्हणून ते दोन हात पुढे ओढावे, तोंडे किंचित आत वळवावी, दोन्ही स्पीकर नि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. सारे खरे, पण त्रिकोणाच्या नेमक्या टोकाला आईची खाट. पुराच्या रात्री तिला उचलून वर आणले, तेव्हापासून ती तिथून हलत नाही. टेप हातात घेऊन मी घुटमळलो.

“अरे, मीच ऐकते की इथून,” ती म्हणाली.

तिचा डावा कान गेलेला. मी उजवा स्पीकर तिच्याकडे आणखी सरकवला. त्रिकोण मोडला.