साडेसहा फुटांचा पलंग

आमच्या मलकापूरकडे 'लेआउट' या शब्दाचा अर्थ एकच. शेत एन.ए. करून, चुन्याच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट. "कोणत्या लेआउटमध्ये घेतला?" असे लोक विचारतात आणि उत्तर ऐकून माणसाची ऐपत ठरवतात. घराच्या आत खाट कुठे, कपाट कुठे, दार उघडले की ते कशाला लागेल, यालाही लेआउट म्हणतात हे आम्हाला घर घेऊन चार वर्षे झाल्यावर कळले. तेही एका सुतार मिस्त्रीकडून.

घर आम्ही २०१५ साली घेतले. (आम्ही म्हणजे एकटेच. उर्दू शाळेत दिवसभर 'हम' म्हणायची सवय, मराठीतही 'मी' चटकन तोंडी येत नाही.) तीन वर्षे आठ हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढली होती. पूर्ण पगार सुरू झाला आणि त्याच्या बळावर कर्ज मिळाले. समोर दहा बाय बाराचा हॉल, मागे दहा बाय दहाची एक खोली, आठ बाय आठचे स्वयंपाकघर, न्हाणी आणि वर गच्ची. अब्बा आधीच गेलेले. अम्मी, धाकटी बहीण आणि आम्ही, अशी तीन माणसे पहिल्या रात्री चटया टाकून झोपलो तेव्हा ते घर केवढे मोठे वाटले होते!

२०१६ च्या डिसेंबरात आमचा निकाह झाला आणि घर भरले. भरले हा शब्द शब्दशः घ्यावा. सहा बाय साडेसहाचा बॉक्स पलंग, तिघांचा एक आणि एकेकाचे दोन असा सोफासेट, ड्रेसिंग टेबल, लोखंडी कपाट, काचेचे शोकेस. शादीखान्यात हे सगळे सामान मांडून ठेवले होते आणि बायका एकेका वस्तूला हात लावून पाहत होत्या. आमच्या घराची चौकट तीन फुटांची. तिघांचा सोफा आडवा, उभा, तिरपा करून पाहिला, शेवटी खिडकीचे ग्रिल काढून आत घेतला.

"आम्ही काही मागितले नव्हते," हे वाक्य पुढे कितीतरी वर्षे आम्ही अभिमानाने सांगत होतो. मागितले नव्हते हे खरे. पण 'नको' असेही म्हटले नव्हते, हेही खरे.

शाळेत आम्ही गणित शिकवतो. आठवीच्या मुलांना फळ्यावर आयत काढून रकबा काढायला लावतो. घरचे गणित मात्र कधी मांडले नाही. खोलीचा रकबा शंभर चौरस फूट. त्यातले एकोणचाळीस पलंगाचे. कपाट तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे अधिक खोल, म्हणजे पाच. पण कपाटाची दारे उघडायला त्याच्यापुढे तेवढीच जागा पुन्हा लागते. खोलीचे दार अडीच फुटांचे, ते फिरायला सहा चौरस फूट. ड्रेसिंग टेबलापुढे बसायला वेगळे. वस्तूने जेवढी फरशी झाकली तेवढीच तिची, असे आपण समजतो. तिला वापरायचे तर तिच्यापुढे जे मोकळे सोडावे लागते तेही तिच्याच नावावर चढते. माणसाला आडवे न होता चालायला निदान दोन फूट वाट लागते. आमच्या खोलीत पलंगाच्या कडेने ती कुठे दीड फूट होती, कुठे एक.

त्यात किब्ला. आमच्याकडून तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. पलंग खोलीत एकाच रीतीने बसत होता आणि त्यात पाय पश्चिमेला येत होते. फिकहच्या किताबांत याबद्दल नेमके काय आहे हा वाद बाजूला ठेवू. अम्मीला ते चालणार नव्हते. मग आम्ही उशाकडची फळी तशीच ठेवून उलटे झोपू लागलो, पाय फळीला लावून. पाहुण्यांना हसू येई. नमाजला जानमाज टाकायची तर सव्वादोन बाय पावणेचार फूट मोकळी फरशी हवी. हॉलमध्ये तेवढी जागा फक्त दारासमोर उरली होती. फजरला अडचण नाही, पण मगरिबच्या वेळी कोणी ना कोणी दार ढकले आणि ते सजद्यातल्या माणसाला लागे. दस्तरखान तर टीपॉय उचलून सोफ्यावर ठेवल्याशिवाय पसरता येत नसे.

उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवे. मलकापूर, नांदुरा, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा. राजूर घाट चढून बुलढाण्याला गेले की हवा बदलते, आमच्याकडे ती सोय नाही. मे महिन्यात घरातले खरे फर्निचर एकच, कूलर. तो खिडकीत बसतो, समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट लागते आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या मर्जीने बसायचे. आमच्या खिडकीपुढे शोकेस होते. रेक्झिनचा सोफा चव्वेचाळीस अंशांत अंगाला चिकटे, त्यामुळे सोफा असूनही सगळे खाली फरशीवर, कूलरच्या वाऱ्यात. आणि आमची काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी एका कोपऱ्यात दबते. मग लोखंडी कपाटाची दारे आपोआप उघडतात. त्याच्या एका पायाखाली टाईलचा तुकडा अजून आहे.

हे सगळे आम्ही दोन वर्षे सोसले, कारण तक्रार करायची तर ती कुणाच्या तरी अब्बांच्या प्रेमाची तक्रार झाली असती. मग मुलगा रांगायला लागला. त्याला रांगायला जागाच नव्हती. पलंगाच्या कोपऱ्यावर, टीपॉयच्या काचेवर, शोकेसच्या कडेवर तो आपटायचा. एका महिन्यात कपाळावर तीन टेंगळे आली.

त्याच सुमारास, २०१९ मध्ये, एका लग्नासाठी हैदराबादला गेलो. तिथे आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये 'इकिया' या स्वीडिश कंपनीचे भारतातले पहिले दुकान उघडले होते, ते पाहायला नातेवाईक घेऊन गेले. या कंपनीची एक गोष्ट सांगतात. १९५६ च्या सुमारास एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा एका कामगाराने त्याचे पाय काढून टाकले, आणि तिथून फर्निचर सुटे करून विकायची कल्पना रुजली. दुकानात खोल्याच्या खोल्या मांडून ठेवलेल्या. पाहून डोळे उघडले हे कबूल करतो. वस्तू भिंतीवर चढवलेल्या, फरशी मोकळी. पण हात लावून पाहिले तर बरेचसे सामान भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे. आपल्याकडे बादलीने फरशी धुतात. असली फळी खालून पाणी पिते आणि फुगते, आणि एकदा ढिला झालेला स्क्रू तिच्यात पुन्हा पकड घेत नाही. तिथे गिऱ्हाइकाला कागदी टेप फुकट देतात. तेवढा खिशात घालून आणला.

घरी येऊन त्या टेपने सगळे मोजले आणि आमच्या अंगात आले. सगळे काढून टाकायचे! सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे, तिचा आशय असा की एक बिछाना पुरुषाचा, एक पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा आणि चौथा असेल तर तो सैतानाचा. ती आम्ही अम्मीला ऐकवली. केरळात घरे बांधणारे लॉरी बेकर भिंतीलगत विटांचेच ओटे बांधून बसायची सोय करत, तेही सांगितले. जमिनीवर बसणे ही आपली रीत आहे, सुन्नत आहे, वगैरे बरेच बोललो.

अम्मीने ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बेटा, नीचे बैठ तो जाऊँगी. उठाएगा कौन?"

त्यांचे गुडघे गेल्याला तेव्हा वर्ष झाले होते. नमाज त्या खुर्चीवर पढत. आम्ही रोज ते पाहत होतो आणि तरी जमिनीवर बसण्याचे गोडवे गात होतो. शिक्षकी पेशात हा दोष जडतो.

मिस्त्रींना बोलावले ते यानंतर. साठीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल. दारातूनच पाहून म्हणाले, "सर, घर तुमचं हाय का पलंगाचं?" मग पलंगाखाली वाकले, हात घालून चाचपले आणि म्हणाले, "येच्यात दोन दिवाण निंगतात."

बॉक्स पलंग म्हणजे तीन-तीन फुटांच्या दोन पेट्या असतात, मधोमध नटबोल्टांनी जोडलेल्या. ते आम्हाला ठाऊकच नव्हते. कापावी लागली ती फक्त उशाकडची फळी. एक पेटी हॉलच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागली, पाय जोडून उंची गादीसकट अठरा इंच केली. अम्मी रात्री तीवर झोपतात, दिवसा आल्यागेल्याला बसायला होते आणि उठताना त्यांना कुणाचा हात लागत नाही. दुसरी खोलीत गेली, उत्तर-दक्षिण, म्हणजे किब्ल्याचाही प्रश्न मिटला. पिंजाऱ्याने कापसाची मोठी गादी उसवून, पिंजून दोन करून दिल्या, उरलेल्या कापसाची एक पातळ गादी झाली. ती रात्री खाली पसरतो आणि सकाळी पेटीत टाकतो. दाराच्या उंचीवर दीड फुटाची फळी हॉलच्या दोन भिंतींना फिरवली. जुन्या पाडलेल्या घराचे सागवान मिस्त्रींनीच स्वस्तात मिळवले. वह्या तपासायला भिंतीला बिजागरीवर एक पाट लावला, काम झाले की तो खाली पडतो. सोफा सहा हजारांना गेला. घेताना अठ्ठावीस हजारांचा होता. चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक ठेवल्या. मजुरी, लाकूड, पॉलिश धरून नऊ हजार रुपये लागले, म्हणजे सोफ्यात तीन हजार घालून घर मोकळे झाले. मुलगा त्या संध्याकाळी हॉलच्या एका टोकापासून स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेला आणि परत आला. किती वेळा, ते मोजले नाही.

चार दिवसांनी खामगावहून फोन. सासरी बातमी पोहोचली होती की दामादने पलंग कापला. तिथून पुढे तिला पाय फुटले. दोघांचे पटत नाही, बिछाने वेगळे झाले, मुलगी लवकरच माहेरी येणार. हिची अम्मी फोनवर रडत होती. ही हसत होती, मग तीही रडली.

पुढच्या शुक्रवारी हिचे अब्बा आले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला, मोजके बोलणारा माणूस. आत येऊन त्यांनी आधी सोफ्याची जागा पाहिली. मग अम्मींना सलाम करून दिवाणाजवळ उकिडवे बसले आणि फळी जिथे कापली होती तिथे अंगठा फिरवला. जोड पाहिला. नटबोल्ट पाहिले. जेवण झाल्यावर त्याच दिवाणावर तासभर झोपले. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "अच्छा बना है. मगर पहले बताना था, बेटा. उसकी किश्त अभी बाकी है."

निकाह नोटबंदीच्या पुढच्याच महिन्यातला. त्यांच्या हाती रोकड नव्हती. पतसंस्थेचे पाच वर्षांचे कर्ज काढून त्यांनी ते सामान घेतले होते. व्याजाला आयुष्यभर हात न लावलेल्या माणसाने व्याज भरले ते आमच्या पलंगासाठी, आणि आम्ही तो मधोमध खोलला तेव्हा अजून दोन वर्षांचे हप्ते जायचे होते. गृहकर्ज काढलेल्या माणसाने व्याजावर बोलू नये, तेव्हा आम्ही ते बोलत नाही. सोफ्याचे सहा हजार त्यांना द्यावेत असे हिला सुचवले. ती म्हणाली, "आणखी अपमान करायचा असेल तर द्या." दिले नाहीत. ते अजून मनात आहे.

आता आमच्या धाकट्या बहिणीचे ठरले आहे. मुलगा नांदुऱ्याचा, घर आमच्यासारखेच. त्यांनी काही मागितले नाही. "जो आपकी खुशी," म्हणाले. या तीन शब्दांची किंमत आमच्या समाजात लाखाच्या खाली येत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण खुशीला कायदा लागत नाही. आमच्या खाला म्हणतात, जहेज तर बीबी फातिमांनाही मिळाला होता. तो काय होता हे मात्र कोणी सांगत नाही. एक मऊ लोकरी चादर, पाण्याची एक मशक आणि इजखिर नावाच्या गवताने भरलेली एक उशी, असे हदीसच्या किताबांत येते. हजरत अलींनी महरसाठी आपले चिलखत दिले, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. हे आम्ही खालांना सांगितले. त्या म्हणाल्या, "वो जमाना और था, खाली हाथ भेजोगे क्या?"

गेल्या रविवारी टेप घेऊन नांदुऱ्याला गेलो. मुलाच्या वडिलांना म्हटले, "खोली मोजायची आहे." ते ओशाळले. आम्हीही ओशाळलो. मग त्यांनीच टेपचे दुसरे टोक धरले. साडेनऊ बाय अकरा. मुलाचा लोखंडी पलंग आधीपासून आहे, चार फुटांचा. आम्ही म्हटले, "आमच्याकडून पलंग, सोफा, शोकेस यातले काही येणार नाही. जागा नाही." ही गोष्ट २०१६ साली दुसऱ्या बाजूने सांगायला हवी होती. ते थोडा वेळ गप्प राहिले. "घरात विचारतो," म्हणाले. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

घरी येऊन बहिणीला मापे दाखवली. तिने कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि विचारले, "शिलाई मशीन कुठे ठेवू? मला खिडकीजवळ तीन फूट लागतील. खिडकीची भिंत मोजली का?"

ती मोजायची राहिली होती. येत्या रविवारी पुन्हा नांदुऱ्याला जायचे आहे.