पांढरी

पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. शेताची आणि गावठाणाची ही नावं मला लहानपणापासून ठाऊक होती. पण पांढरीला पांढरी का म्हणतात, हे पिंपळनेरच्या एका भिंतीपाशी उकिडवं बसेपर्यंत नीट उमगलं नव्हतं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होते. उन्हं चढायच्या आत पांझरेच्या काठाने चालायला लागलो. वर लाटीपाड्याचं धरण, त्यामागे सह्याद्रीची करपलेली रांग आणि खाली रोडावलेली नदी. नेर, अमळनेर, जामनेर ही खानदेशातली ‘नेरं’ नदीला बिलगूनच वसली आहेत, पिंपळनेरही तसंच. पण पांझरेचं नाव निघालं की मला आधी फड आठवतो. नदीवर बुटका दगडी बंधारा घालायचा, पाणी पाटाने आपसूक शेतांकडे न्यायचं आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कुणी आपल्या हाताने घ्यायचं नाही, ते पाटकरीच देणार. नदी आटली तर यंदा कोणता फड भिजवायचा हे गाव बसून ठरवायचं, म्हणजे तूट एकट्यादुकट्यावर न पडता सगळ्यांत वाटली जायची. ही रीत तीन-चारशे वर्षं चालत आली. धरणं आणि विहिरी आल्या तशी ती बऱ्याच ठिकाणी मोडली. काळीतलं पाणी पांढरीच्या शब्दावर चालायचं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नदी सोडून गल्ल्यांत शिरलो. इंग्रजी अमदानीत हा सारा तालुका पिंपळनेरच्या नावाने होता. पुढे तो साक्रीचा झाला. जुन्या घरांच्या सागवानी चौकटी पाहिल्या की ती ऐट अजून जाणवते. गल्लीत सावली मात्र भिंतीपुरतीच उरली होती.

एका धाब्याच्या घरापुढे म्हातारी भिंत पोतारत होती. मान न वळवताच तिने विचारलं, “कथा जाई राह्यना रे भाऊ?”

“कुठंच नाही माय, गाव बघतोय.”

“ये, बठ. पानी पे.”

घमेल्यात भिजवलेली माती होती. खडा लागला की ती बोटांनीच बाजूला काढायची. मग चिंधीचा बोळा बुडवायचा आणि कोपरापासून हात फिरवत भिंतीवर कमान ओढायची. ओली कमान राखाडी, मळकट दिसे. पण वरची, सकाळी ओढलेली, वाळून पांढरीफेक झाली होती. मधल्या पट्ट्यात तो रंग डोळ्यांदेखत बदलत होता. ही माती कुठली, म्हणून विचारलं. तिने बोळ्यानेच मागचा पडका चौथरा दाखवला. दिराचं घर होतं, पावसात बसलं. त्याच भिंतींची ही माती. कच्च्या मातीला हा रंग येत नाही, म्हणाली. माती घरात मुरावी लागते.

राख, शेण, चुलीचा धूर, पावसाने विरघळलेल्या भिंती हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी जिरलं की जमीन फिकी पडते. तापीकाठी प्रकाशे इथे 1955 च्या सुमारास खणलं, ते अशाच पांढरीच्या टेकाडात. थरामागून थर उतरत ताम्रपाषाण काळापर्यंत माणसांची वस्ती लागली.

स्पेनच्या अंदालुसियातही डोंगरउतारावरच्या गावांना ‘पांढरी गावं’ असंच म्हणतात. मी ती चित्रांतच पाहिली आहेत. अरुंद चढ, जाड भिंती, ऊन परतवणारा चुना. तिथेही डोंगराचं पाणी पाटाने वाटून घेतात. त्या पाटाला असेकिया म्हणतात, हा शब्द अरबांनी मागे ठेवलेला. तिथलं पांढरेपण भट्टीत भाजलेल्या चुन्याचं. म्हातारीच्या हाताखालचं पांढरेपण दिराच्या घराचं होतं.

गल्लीत निम्मी घरं स्लॅबची झाली आहेत. ती व्हायलाच हवीत. ज्याने गळत्या धाब्याखाली भांडी मांडून पावसाळे काढले, त्याला माती जप म्हणण्याचा मला हक्क नाही. तरी पुढच्या वळणावर पाडलेल्या घराची माती ट्रॅक्टरमध्ये भरताना पाहिली, आणि ती गावाबाहेर खड्ड्यात जाणार हे कळलं तेव्हा जीव तुटला.

उन्हं कलल्यावर मुद्दाम त्याच गल्लीने परतलो. भिंत पूर्ण वाळली होती. तिरप्या उजेडात एकेक कमान दिसत होती. प्रत्येकीच्या शेवटी चार बोटांची पुसट रेघ. आत खापर घासल्याचा आवाज येत होता. लेकी यायच्या होत्या, मांडे व्हायचे होते. ओट्याच्या खोबणीत गोणपाटाचं एक गाठोडं सरकवलेलं दिसलं. उरलेली माती होती ती. पोळ्याला लागेल, म्हातारी आतूनच म्हणाली.