न्यायाची खुर्ची

शेवटच्या दिवशी देव सगळ्यांचा न्याय करणार, ही ख्रिस्ती शिकवण म्हणजे दुबळ्यांना दाबायला काढलेली धमकी आहे, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो आणि चारचौघांत बोलतही आलो. गोव्यातल्या पेडण्यात असं मत बाळगायला हिंमत लागत नाही. आम्ही नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातले. पोर्तुगीज सत्ता आमच्याकडे आली 1788 मध्ये; तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. जुन्या काबिजादीत काय घडलं ते आम्हांला कळलं पळून आलेल्या देवांच्या गोष्टींतून. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं.

पुढे अ. का. प्रियोळकरांचं गोव्यातल्या इन्क्विझिशनवरचं 1961 चं पुस्तक हाती आलं आणि मत पक्कं झालं. मधली चार वर्षं सोडली तर 1560 पासून 1812 पर्यंत हे धर्मन्यायालय चाललं. साक्षी गुप्त, मालमत्ता जप्त, आणि आरोप काय ते आरोपीनं स्वतःच ओळखून कबूल करायचं! गोव्यात 1563 मध्ये औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. डेलॉन नावाच्या फ्रेंच डॉक्टरला 1676 मध्ये शिक्षा झाली. कागदावर गुन्हा धर्मद्रोहाचा. पण त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की मूळ कारण एका बाईवरून दमणच्या गव्हर्नरला वाटलेला मत्सर. हे सगळं वाचल्यावर देवाच्या न्यायाबद्दल कुणी बोलू लागलं की मला फक्त त्या कोठड्या दिसत.

माझे एक कॅथलिक सहकारी होते, हरमलचे. त्यांच्यासमोर मी ही यादी बऱ्याचदा वाचली. ते कधी वाद घालत नसत. एकदा मात्र म्हणाले, "सर, प्रियोळकर वाचलो तुमी. आतां मातेवूय वाचून पळयात."

मातेव म्हणजे मत्तय. त्याचं शुभवर्तमान मी वाचायला घेतलं ते दारूगोळा मिळेल म्हणून. मिळाला, पण तोंड उलट्या दिशेला होतं. तेविसाव्या अध्यायात येशू ज्यांच्यावर कडाडतो ते मूर्तिपूजक नाहीत, परधर्मीही नाहीत. ते शास्त्र जाणणारे, लोकांनी पाहावं म्हणून व्रतवैकल्यं करणारे, पुदिन्या-जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून देणारे आणि दया विसरलेले धर्मपंडित आहेत. पंचविसाव्यात शेवटचा न्याय येतो. तिथं मत कोणतं, पंथ कोणता, हे विचारलंच जात नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच. तुरुंगातल्याला भेटण्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्या देवाच्या नावानं तुरुंग चालवणारे लोक हा अध्याय वाचत असतील तेव्हा त्यांचं काय होत असेल?

तेराव्या अध्यायातली तणाची गोष्ट तर मला आधी खोटीच वाटली. गव्हात तण उगवलं. चाकर म्हणाले, उपटू का? धनी म्हणाला, राहू दे, कापणीला बघू. कुठला शेतकरी असं सांगेल? मग आमच्याच शेतातलं भातासारखं दिसणारं गवत आठवलं. भात निसवेपर्यंत ते भल्याभल्यांना ओळखू येत नाही आणि घाईनं उपटणारा भाताची रोपंही उपटतो. इन्क्विझिशनचं तेच झालं. त्याचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, म्हणजे उपटली ती आपल्याच शेतातली माणसं, अजून निसवायची होती ती.

फ्रान्सिस झेवियरचंच पाहा. 1546 मध्ये त्यानं पोर्तुगालच्या राजाला लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन मागितलं. हे पत्र माझ्या यादीत वरच्या क्रमांकावर होतं. पण 1548 च्या पत्रांत तोच झेवियर सुचवतो की राजानं रोज थोडा वेळ काढून, सारं जग मिळवून आत्मा गमावला तर फायदा काय, या वचनावर विचार करावा. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटालुटीवरही त्यानं सडकून लिहिलंय. सिंहासनावरच्या माणसाला मरणानंतरच्या हिशेबाची आठवण करून देणं ही दुबळ्यांना दिलेली धमकी खासच नव्हे. माझ्या यादीत ही पत्रं नव्हती, कारण ती मला नको होती.

आता मला वाटतं की न्यायाची शिकवण काढून टाकली तर सुटतो तो दांभिकच. वर कुणी हिशेब मागणारा नसेल तर पाद्री, गव्हर्नर, राजा यांना विचारणार कोण? ढोंग शिरतं ते माणूस न्यायाच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसतो तेव्हा. मग आमच्याकडेही बघावं लागतं. देवाला कौल लावायचा, प्रसाद आपल्या बाजूनं पडला की देवाचा शब्द म्हणायचा, आणि नाही पडला की देवळाच्या महाजनकीचा वाद मामलेदाराकडे न्यायचा; यात आम्ही देवाला न्यायाधीश मानतो की साक्षीदार?

हे सारं सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, नरकाचं काय? कायमची आग मला अजूनही पटत नाही, कुठल्याच माणसासाठी. डेलॉनला कोठडीत टाकणाऱ्यांचं नाव निघालं की मात्र ती हवीशी वाटते.