तिसरी रांग

घरात माणसे किती, हे शिधापत्रिकेवरून कळते. पण त्या घरात कोणाचा मान किती, हे पाहायचे असेल तर ते कुटुंब मोटारीत बसताना पाहावे. कोणी कोणाला काही सांगत नाही, तरी जो तो आपापल्या जागी जाऊन बसतो. कर्ता पुरुष पुढे, चालकाशेजारी. मध्ये जावई, पाहुणे, लेकुरवाळ्या. आणि पदर खोचून, वाकून जी माणसे तिसऱ्या रांगेत शिरतात, त्यांना तिथे जा असे कोणी म्हटलेले नसते. पुढे या, असेही कोणी म्हटलेले नसते.

आमच्या घरी ही जागा काकूंची. आम्ही तिघे भाऊ साताऱ्यात एकाच घरात राहतो. काका गेल्यापासून काकू आमच्यातच. वय वर्षे ६८. पूर्वी आम्ही भाड्याची सुमो करून कुंभार्ली घाटाने गुहागरला कुलदैवताला जात असू. १९९४ साली आलेल्या त्या सुमोच्या मागच्या भागात समोरासमोर बाके असत. त्यांवर आडवे बसून घाट उतरायचा म्हणजे पोटातले पाणीसुद्धा वळणे घेई. काकू लिंबू हुंगत बसत आणि चिपळूण आले की सर्वांत आधी विचारत, "कुणाला त्रास नाही ना झाला?" गेली दोन वर्षे त्या येत नाहीत. घर कुणीतरी राखायला हवे, म्हणतात. घराला कुलूप घालता येते, हे त्यांनाही ठाऊक आहे. गुडघ्यांचे नाव मात्र त्या काढत नाहीत.

यंदा तिघांनी मिळून सात माणसांची मोटार घ्यायचे ठरले. दादाने कर्जाचे पाहायचे, धाकट्याने इंजिनाचे. "तू मास्तर, मोजमाप तुझ्याकडे," असे म्हणून दादाने माझ्या हाती टेप दिली. कादंबरी लिहिताना कोणत्या पात्राला कुठे बसवायचे याचा मी पुष्कळ विचार करतो. पण खऱ्या माणसांना कुठे बसवायचे, हा प्रश्न मजपुढे असा प्रथमच आला.

पहिला धडा मिळाला तो वजाबाकीचा. टाटांची हॅरिअर पाच जणांची. २०२१ साली तिची लांबी होती ४५९८ मिलिमीटर. त्याच साली तिच्यावरूनच बेतलेली सफारी आली ती सहा-सात जणांची, लांबी तेव्हा ४६६१. फरक ६३ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच इंचांचा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोहोंत तेच, २७४१. अडीच इंचांत दोन माणसे कशी मावली? उत्तर सोपे आहे. मोटारीचे खरे घर म्हणजे दोन चाकांमधली जागा. मागच्या चाकांपलीकडची ती पडवी. घर न वाढवता माणसे वाढवली, की नव्या माणसांची अंथरुणे पडवीतच पडायची. ह्युंदाईने त्याच वर्षी क्रेटावरून अल्काझार काढली, तेव्हा चाकांमधले अंतर २६१० वरून २७६० केले. घरालाच सहा इंच जोडले. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये हे अंतर २८५० आहे. उलट २०१८ ची अर्टिगा पाहा. लांबी अवघी ४३९५. म्हणजे त्या सफारीहून साडेदहा इंच आखूड. पण चाकांमधले अंतर २७४०. सफारीहून फक्त एक मिलिमीटर कमी! खडूची रेघ याहून जाड निघते. तेव्हा बाहेरून धिप्पाड दिसणाऱ्या गाडीत आत ऐसपैस जागा असेलच, असा भरवसा धरू नये.

दुसरा धडा टेपने मिळाला नाही, तो बसून मिळाला. प्रत्येक गाडीत मी तिसऱ्या रांगेत अर्धा अर्धा तास काढला. माणसाचा भार पेलायचा तो मांड्यांनी. घरची खुर्ची जमिनीपासून दीड फूट उंच असते, म्हणून गुडघा काटकोनात राहतो. मोटारीच्या मागच्या भागात तळ उचललेला असतो आणि छप्पर उतरते असते. मग बैठक तळाला चिकटवल्यावाचून डोके मावत नाही. गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. शिवाय खाली मागचा आस. एसटीच्या शेवटच्या बाकावर ज्याने प्रवास केला आहे, त्याला खड्डा म्हणजे काय ते निराळे सांगायला नको.

सफारीची मधली रांग राजेशाही; पण चढायला पाय उंच उचलावा लागतो, आणि मागे माझे गुडघे वर आले. हायक्रॉसमध्ये मागेही मांडी टेकते, पाठ रेलते. पण तिची किंमत ऐकून दादाने चष्मा पुसायला घेतला. अर्टिगाचा तळ ठेंगणा, चढणे सोपे. मधली रांग पुढे सरकवली तर मागे मोठा माणूस तासभर निभावतो. मात्र तिन्ही रांगा भरल्या की सामानाला २०९ लिटरच जागा. म्हणजे पिशव्या पुन्हा मागच्यांच्या मांडीवर. मधे दोन सुट्या खुर्च्या असल्या, तर त्यांच्यामधून मागे जाता येते, पण एक माणूस कमी होतो. सलग बाक असले तर सातवा मावतो, पण ते बाक दुमडून, अंग चोरून आत शिरावे लागते.

"मागची रांग मुलांसाठीच असते, सर," विकणारा तरुण नम्रपणे म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. पण आमच्या घरी मुले खिडकी पाहून बसतात. मागे बसतो तो हट्ट न करणारा.

रात्री मी काकूंना विचारले, "तुम्हाला कुठली जागा बरी वाटते?"

"मागचीच," त्या म्हणाल्या. "तिथनं सगळ्यांची डोकी दिसतात. घाटात, थांब्यावर, मी मोजून घेते. एक जरी कमी असलं तरी मला चैन पडत नाही."

इतकी वर्षे लिंबू हुंगत त्या आम्हाला मोजत होत्या, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात अर्टिगा चालवून पाहिली. मी दादाला मागे बसवले. दादाचे वय ५२. खाली उतरल्यावर तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ शहराकडे पाहत उभा राहिला. बोलला काहीच नाही. जेवताना मात्र वाटीतले वरण ढवळत म्हणाला, "अर्टिगा घेऊ. मधली दाराजवळची जागा काकूंची. मागं आपण तिघांनी पाळीपाळीनं बसायचं. तक्ता तू कर, मास्तर."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या आजवर काकूंशेजारीच बसत आल्या होत्या.

काकू ताक वाढत होत्या. त्यांनी हात थांबवला. "मग मोजणार कोण?"

"ज्याची पाळी तो मोजेल," दादा म्हणाला.

काकूंना ते पटलेले दिसले नाही. पण यंदा घर राखायला कोणीतरी हवे, असे त्या म्हणाल्या नाहीत.