सर्वांत जबर गुद्दा कोणाचा?

क्रमवारी लावण्याची हौस मनुष्यास बाळपणापासूनच असते. कोणता डोंगर सर्वांत उंच, कोणती आगगाडी सर्वांत वेगवान, कोणाच्या घरचें जेवण सर्वांत रुचकर, यांवर मुलें तासचे तास वाद घालतात. आणि मोठीं माणसें तरी दुसरें काय करितात? आमच्या वसतिगृहांत यंदा असाच एक वाद रंगला. मुष्टियुद्धाच्या इतिहासांत सर्वांत जबर गुद्दा कोणाचा, हा त्याचा विषय. एक पक्ष माइक टायसनचें नांव घेई, दुसरा जॉर्ज फोरमनचें. आणि वर्गांतील सर्वांत ठेंगणा विद्यार्थी जपानच्या नाओया इनोएचा कैवार घेऊन एकटाच उभा होता. निवाड्याचें काम आमच्याकडे आलें. ज्यास व्याकरण येतें त्यास सर्व कांहीं येत असलें पाहिजे, असा मुलांचा समज असतो!

निवाडा देण्यापूर्वीं माप ठरविलें पाहिजे. गुद्दा हें केवळ हाताचें काम नव्हे. टाचेपासून निघालेला जोर कंबरेंतून व खांद्यांतून मुठींत उतरतो. अर्थात् ज्याचें शरीर जड त्याच्या मुठीमागें भारही अधिक. म्हणूनच या खेळांत वजनाचे गट पाडले गेले. १९०९ सालीं लंडन येथील नॅशनल स्पोर्टिंग क्लबानें आठ गट ठरवून दिले. त्यांतील सर्वांत हलक्या गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे सुमारें ५१ किलो होती, आणि सर्वांत जड गटास वरची मर्यादाच नव्हती. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, प्रश्न एक नसून दोन आहेत. कोणाचा गुद्दा सर्वांत भारी, हा एक. आणि आपल्या अंगाच्या मानानें कोणाचा गुद्दा सर्वांत जबर, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर जड गटांतच शोधावें लागतें. २२ जानेवारी १९७३ रोजीं जमैकांतील किंग्स्टन शहरीं फोरमननें तोंपर्यंत एकदांही न हरलेल्या ज्यो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळां लोळविलें. टायसननें १९८८ सालीं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपविलें. अर्नी शेव्हर्सच्या ७४ विजयांपैकीं ६८ विजय प्रतिपक्ष्यास पुढें लढूं न देतां मिळविलेले होते. परंतु हाच शेव्हर्स जगज्जेता कधीं झाला नाहीं. १९७९ सालीं त्यानें लॅरी होम्सला सातव्या फेरींत असा कांहीं गुद्दा मारिला कीं, होम्स पाठीवर आदळला. पण तो उठला, आणि अकराव्या फेरींत तोच विजयी ठरला. फोरमनलाही १९७४ सालीं किन्शासा येथें मुहम्मद अलीनें दोरांना टेकून खुशाल मारूं दिलें, आणि तो थकल्यावर आठव्या फेरींत त्यास पाडिलें. जबर गुद्दा आणि विजय यांची सांगड नेहमींच असते असें नाहीं.

दुसरा प्रश्न आम्हांस अधिक गोड वाटतो. अमेरिकेंतील ‘द रिंग’ या मुष्टियुद्धविषयक मासिकानें २००३ सालीं शंभर जबर योद्ध्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत पहिला ज्यो लुई, दुसरा सॅम लँगफर्ड आणि तिसरा जिमी वाइल्ड होता. फोरमन नववा व शेव्हर्स दहावा होता. आमची यादी याहून थोडी निराळी आहे.

पहिलें स्थान आम्ही जिमी वाइल्ड यास देतों. वेल्समधील कोळशाच्या खाणींत राबलेला हा पोरगा. अंगावर मांस नाहीं, चेहरा फिकट, वजन अवघें १०८ पौंडांच्या आसपास. जत्रांतील तंबूंत आपल्याहून कितीतरी दांडग्या माणसांशीं तो लढे व त्यांना निजवी. लोकांनीं त्याला ‘हातांत घण असलेलें भूत’ असें टोपणनांव दिलें. १९१६ पासून १९२३ पर्यंत तो आपल्या गटाचा जगज्जेता होता. बळ हें आकारावर अवलंबून नाहीं, हें ठेंगण्या मुलांना सांगावयाचें झाल्यास याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरा सॅम लँगफर्ड. कॅनडांतील नोव्हा स्कोशियांत जन्मलेला हा कृष्णवर्णी योद्धा उंचीनें सुमारें ५ फूट ७ इंच; तथापि हलक्या गटापासून सर्वांत जड गटापर्यंत तो सर्वांशीं लढला. सर्वांत जड गटाच्या जगज्जेतेपदाची लढत मात्र त्यास आयुष्यांत एकदांही मिळाली नाहीं. कांहींनीं त्याच्या वर्णाचें कारण पुढें केलें, आणि कांहींना त्याच्या मुठीचें भय वाटलें. पुढें त्याची दृष्टि गेली. १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या एका वार्ताहरानें त्यास हार्लेम भागांतील एका खोलींत अंध व निर्धन अवस्थेंत शोधून काढिलें, तेव्हां वाचकांनीं त्याच्यासाठीं वर्गणी जमविली. याद्यांत त्याचें नांव वर दिसतें. पण न्याय त्याच्या वांट्यास फार उशिरां आला.

तिसरा बॉब फिट्झसिमन्स, इंग्लंडांत जन्मलेला व न्यूझीलंडांत वाढलेला लोहार. पाय काटकुळे, खांदे मात्र ऐरणीवर घडलेले. १७ मार्च १८९७ रोजीं त्यानें आपल्याहून पंधरा-सोळा पौंडांनीं जड असलेल्या कॉर्बेटला चौदाव्या फेरींत पोटाच्या वरच्या खळगींत एकच गुद्दा हाणून गुडघ्यांवर आणिलें आणि सर्वांत जड गटाचें पद जिंकलें. चौथा ज्यो लुई. १९३६ सालीं जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें त्यास हरविलें होतें. २२ जून १९३८ रोजीं लुईनें तो हिशेब १२४ सेकंदांत चुकता केला. त्याचा हात फार लांबून येत नसे. वीतभर अंतरावरून येई आणि तेवढा पुरे. पांचवा फोरमन, कारण वयाच्या ४५ व्या वर्षीं, १९९४ सालीं, त्यानें गमावलेलें पद एकाच उजव्या गुद्द्यानें परत मिळविलें. इनोएनें २०२२ व २०२३ सालीं लागोपाठच्या दोन गटांतील सर्व पदें जिंकलीं. परंतु अशा अलीकडच्या योद्ध्याचा क्रम काळानेंच ठरवावा.

येथवर मुलें खूष झालीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, या सर्व याद्यांत एक रकाना कोराच राहतो. गुद्दा मारणाराचें नांव सर्व लिहितात. तो खाणाराचें कोण लिहितो? १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, डोक्यावर वर्षानुवर्षें मार खाल्लेल्या योद्ध्यांची चाल अडखळते, वाणी जड होते आणि बुद्धि मंदावते. मेंदू कवटींत घट्ट बसविलेला नाहीं. डोकें झटक्यानें फिरलें कीं तो आंत हिसका खातो. हातमोज्यांनीं मुठीचीं हाडें वांचतात, मेंदू वांचत नाहीं. क्यूबाचा बेनी पॅरेट डिसेंबर १९६१ मध्यें एका लढतींत दहाव्या फेरीपर्यंत भयंकर मार खाऊन पडला होता. चार महिनेही लोटले नव्हते, तोंच २४ मार्च १९६२ रोजीं न्यूयॉर्क येथें एमिल ग्रिफिथशीं लढतांना बाराव्या फेरींत तो दोरांपाशीं अडकला आणि गुद्द्यांमागून गुद्दे त्याच्या डोक्यावर बसले. दहा दिवसांनीं तो वारला. ग्रिफिथ २०१३ पर्यंत जगला. पण पॅरेट त्याच्या स्वप्नांत येत राहिला. जबर गुद्द्याची किंमत दोघांनींही भरली.

गेल्या पावसाळ्यांत एका पालकांनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें: मुलगा अंगानें किरकोळ आहे, मोठीं मुलें त्यास सतावितात, तर त्यास मुष्टियुद्ध शिकवावें काय? आम्हीं उत्तर धाडिलें कीं, त्यास पहांटे तालमींत अवश्य पाठवा. तो दोरीवर उड्या मारील, जोर काढील, वाळूच्या पिशवीवर गुद्देही मारील. परंतु कोणाच्या डोक्यावर मारणें अगर स्वतःच्या डोक्यावर घेणें आम्ही त्यास शिकविणार नाहीं. सतावणाऱ्या मुलांचा बंदोबस्त करणें हें शिक्षकांचें काम होय. तें ओझें एका लहान मुलाच्या मुठीवर टाकणें बरें नव्हे. त्याप्रमाणें त्या मोठ्या मुलांस आम्हीं एकेकास बोलावून बोललों, आणि तालमीची वेळ त्यांनाही लावून दिली. आतां तो मुलगा एका दमांत तीनशें उड्या मारितो, आणि त्या मोठ्या मुलांपैकीं दोघे जवळ उभे राहून मोठ्यानें मोजीत असतात.