७९ एस. के.

मंडळी, आजचा विषय जरा लांबचा आहे. "पुन्हा युद्ध का?" म्हणून घरच्या वाचकांनी (आत्या, तुलाच म्हणतोय!) लगेच पान बंद करू नये. पुढे बाबा येणार आहेत. थोडा धीर धरा.

मॉस्कोच्या सशस्त्र दलांच्या संग्रहालयात एक लाल कापड जपून ठेवलंय. साधंच. दोन हात रुंदसुद्धा नाही, ८२ सेंटिमीटर बाय १८८ सेंटिमीटर. त्याच्या कडेची एक पट्टी कुणीतरी कधीतरी कापून नेली. एका कोपऱ्यात तारा आणि विळा-हातोडा, बाकी पांढरी अक्षरं. ३० एप्रिल १९४५ च्या रात्री बर्लिनमधल्या राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, छतावर चढलेला हा झेंडा. रशियात त्याला 'विजयध्वज' म्हणतात आणि ९ मे च्या संचलनात त्याची नक्कल मिरवतात.

मला वेड लागलं ते त्यावरच्या अक्षरांचं. मजकूर असा : "१५० वी रायफल, कुतुझोव्ह पदक दुसरी श्रेणी, इद्रित्सा डिव्हिजन". आणि त्यापुढे नुसती आद्याक्षरं : "७९ एस. के., ३ उ. आ., १ बे. फ." एस. के. म्हणजे 'स्त्रेल्कोवी कोर्पुस', रायफल कोअर, आपल्या भाषेत पायदळाची कोअर. ३ उ. आ. म्हणजे तिसरी धडक आर्मी. १ बे. फ. म्हणजे पहिली बेलारूस आघाडी.

डिव्हिजनची बिरुदं ऐसपैस आणि कोअर मात्र दोन अक्षरांत, असं का? सांगतात ते असं, की आधी झेंड्यावर फक्त डिव्हिजनचंच नाव रंगवलं होतं. जून १९४५ मध्ये तो मॉस्कोला पाठवायची वेळ आली तेव्हा वरच्यांच्या लक्षात आलं, की आपण कुठेच नाही! मग उरलेल्या जागेत कोअर, आर्मी आणि आघाडी बसवायची होती. पूर्ण नावं मावेनात, म्हणून आद्याक्षरं. लग्नपत्रिकेत शेवटच्या क्षणी आठवलेल्या काकांचं नाव बारीक टायपात घालतात ना, अगदी तसं :-)

पण हसून झाल्यावर मी या '७९ एस. के.'च्या मागे लागलो. कारण कोअर ही गोष्टच मजेशीर आहे. डिव्हिजनला ओळख असते. जिंकलेल्या गावाचं नाव तिला बिरुद म्हणून मिळतं (१५० व्या डिव्हिजनला 'इद्रित्सा' हे बिरुद जुलै १९४४ मध्ये त्या नावाचं गाव घेतल्याबद्दल मिळालं). आर्मीचा सेनापती पुढे आठवणी लिहितो, त्याचा पुतळा होतो. यांच्या मधोमध कोअर. तिच्याकडे स्वतःचं पायदळ असं नसतंच. दोन-तीन डिव्हिजन तिच्या हाताखाली येतात, गरज पडली की काढून दुसऱ्याला दिल्या जातात. तिचं स्वतःचं म्हणजे मुख्यालय, नकाशे, टेलिफोनच्या तारा, थोडा तोफखाना आणि वरून-खालून दोन्हीकडून बोलणी खाणारा एक जनरल.

हा मधला थर खरंच लागतो का, असा प्रश्न सोव्हिएत सेनेलाही पडला होता. २२ जून १९४१ ला हिटलरने हल्ला केला तेव्हा त्यांच्याकडे ६२ रायफल कोअर होत्या. पहिल्या काही आठवड्यांत इतकी दाणादाण उडाली, की जुलैच्या मध्यावर वरून हुकूम निघाला : कोअर मोडा, आर्म्या लहान करा, डिव्हिजन थेट आर्मीच्या हाताखाली घ्या. कारण उघड होतं. कोअर चालवायला अनुभवी अधिकारी लागतात. त्यातले कित्येक १९३७-३८ मध्ये स्टालिनच्याच राज्यात गोळ्या घालून मारले गेले होते, आणि उरलेल्यांपैकी बरेच पहिल्या महिन्यात गेले किंवा वेढ्यात सापडले. १९४१ संपता संपता ६२ च्या ६ झाल्या.

आणि मग काय, कळलंच. एका सेनापतीला इतक्या डिव्हिजनांकडे एकाच वेळी लक्ष देता येईना. तोफखाना कुणाला कधी द्यायचा, शेजारची डिव्हिजन अडली तर तिला कुणी ओढून घ्यायचं, हे बघणारं मधे कुणी नव्हतं. १९४२ पासून कोअर हळूहळू परत आणल्या आणि १९४३ च्या अखेरीस त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. मधला माणूस काढून बघितला, काम अडलं, पुन्हा आणला. ऑफिसात असाल तर हे चक्र तुम्हीही पाहिलं असेल.

७९ व्या कोअरची सूत्रं मे १९४४ मध्ये मेजर जनरल सेम्यॉन पेरेव्हेर्त्किन यांच्याकडे आली. तिथून ती बाल्टिक भागात लढली, मग पोलंड, पोमेरेनिया, ओडर नदी आणि बर्लिन. तेव्हा हे गृहस्थ ३९ वर्षांचे होते. हाताखाली तीन डिव्हिजन : शातिलोव्ह यांची १५० वी, नेगोदा यांची १७१ वी आणि असाफोव्ह यांची २०७ वी. डिव्हिजन म्हटल्यावर बारा-चौदा हजार माणसं डोळ्यापुढे आणू नका. कागदावर असतील. बर्लिनला पोचेपर्यंत एकेका डिव्हिजनमध्ये चार-पाच हजारच उरले होते.

बर्लिनला गेलो होतो तेव्हा मी मुद्दाम मॉल्टके पुलापासून चालायला सुरुवात केली. मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ, श्प्रे नदीवरचा लालसर दगडाचा १८९१ चा पूल. तिथून राइशस्टाग रमतगमत दहा मिनिटांवर. ७९ व्या कोअरला हेच अंतर कापायला २८ एप्रिलच्या रात्रीपासून ३० एप्रिलच्या रात्रीपर्यंत वेळ लागला. जर्मनांनी पूल उडवायचा प्रयत्न केला, पण तो पुरता पडला नाही. त्यावरून रात्री पायदळ पलीकडे गेलं. पलीकडे गृहखात्याची प्रचंड इमारत होती, सैनिक तिला 'हिमलरचं घर' म्हणत. एकेका मजल्यासाठी, एकेका खोलीसाठी लढत ती घ्यायला ३० तारखेची पहाट उजाडली. आज त्या इमारतीचा मागमूस नाही. त्या सगळ्या वस्तीतली एकच जुनी इमारत उरली आहे, ती स्विस वकिलातीची. बाकी सगळं मोकळं. लोक सायकली चालवतात, पोरं फुटबॉल खेळतात.

त्या दिवशी या मोकळ्या जागेत पाण्याने भरलेला खंदक होता आणि उजव्या अंगाला क्रोल ऑपेराच्या इमारतीतून गोळीबार चालू होता. सकाळचा हल्ला फसला. दुपारचाही फसला. आणि नेमक्या याच सुमारास वर बातमी गेली, की राइशस्टागवर झेंडा लागला. कुणाला तरी धुरात लाल काहीतरी दिसलं असावं. रेजिमेंटकडून डिव्हिजन, डिव्हिजनकडून कोअर, कोअरकडून आर्मी, करत करत बातमी मार्शल झुकॉव्हपर्यंत पोचली. त्यांनी त्याच दिवशी अभिनंदनाचा हुकूम काढला. दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी झेंडा फडकला, ७९ व्या कोअरने आणि तिच्या १७१ व्या व १५० व्या डिव्हिजनने पराक्रम केला, असं त्यात नमूद आहे.

मैदानात पोटावर पडलेल्या माणसांनी काय करायचं? वर कळवून झालेलं होतं. आता ते खरं करून दाखवणं एवढंच बाकी होतं. संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर ते पुन्हा उठले आणि या खेपेला दारापर्यंत पोचले. न्योउस्त्रोयेव्ह, दाविदोव्ह आणि साम्सोनोव्ह यांच्या बटालियन आत शिरल्या. आतली लढाई तळघरांसकट २ मे च्या सकाळपर्यंत चालली.

आता गंमत बघा. आर्मीने आपल्या नऊ डिव्हिजनांना नऊ झेंडे शिवून दिले होते. पाच नंबरचा १५० व्या डिव्हिजनकडे होता. पण कोअरनेही स्वतःचा एक झेंडा तयार ठेवला होता आणि कॅप्टन माकोव्ह यांच्याबरोबरच्या तोफखान्यातल्या चार स्वयंसेवकांकडे दिला होता. आज बरेच अभ्यासक मानतात, की रात्री १०.४० च्या सुमारास छतावर पहिल्यांदा पोचला तो हाच. येगोरोव्ह आणि कांतारिया पाच नंबरचा झेंडा घेऊन त्यानंतर चढले. म्हणजे कोअरचा झेंडा आधी पोचला आणि इतिहासात कोअर उरली ती दुसऱ्याच्या झेंड्यावरच्या दोन अक्षरांपुरती.

मे १९४६ मध्ये येगोरोव्ह, कांतारिया आणि त्या तीन बटालियन-प्रमुखांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. माकोव्हच्या माणसांना त्याखालचं पदक. दुपारी पोटावर सरपटत इमारतीच्या दारापर्यंत झेंडा नेणाऱ्या कोश्कार्बायेव्ह आणि बुलातोव्ह यांनाही खालचंच. बुलातोव्ह तेव्हा १९ वर्षांचा होता. १९७३ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. येगोरोव्ह-कांतारियाला वाट काढून देणारा लेफ्टनंट बेरेस्त हा युक्रेनियन, त्यालाही किताब नाही. १९७० साली रोस्तोवमध्ये आगगाडीपुढे आलेल्या एका लहान मुलीला ढकलून वाचवताना तो गेला. युक्रेनने त्याला २००५ मध्ये, मरणोत्तर, आपला सर्वोच्च किताब दिला.

आणि २०७ वी डिव्हिजन? तीच ती, क्रोल ऑपेराच्या बाजूने लढणारी. ती बाजू अंगावर घेणारं कुणी नसतं, तर मैदानातल्या लोकांच्या पाठीत गोळ्या आल्या असत्या. झुकॉव्हच्या त्या हुकुमात तिचं नाव नाही. झेंड्यावर तर नाहीच. फक्त 'एस. के.' या दोन अक्षरांत तुम्ही शोधायची म्हटलं तर ती सापडते. माझं त्या दोन अक्षरांवर प्रेम बसलं ते इथे.

आता बाबा.

बाबा सरकारी नोकरीत उपअभियंता होते. खातं आणि गाव राहू द्या. त्यांच्या आयुष्याची अकरा वर्षं एका कालव्यावर गेली. लहानपणी मी त्या कालव्याच्या उद्घाटनाचा दगड वाचला होता. मंत्री, खासदार, आमदार, मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, ठेकेदार. संपलं. मी घरी येऊन तावातावाने विचारलं, तुमचं नाव का नाही? बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "दगडावर जागा किती असते रे?" आणि पान उलटलं.

मला वर्षानुवर्षं ते उत्तर पळपुटं वाटत आलं. पण बाबा गेल्यावर कपाटातून त्यांच्या खाजगी डायऱ्या निघाल्या. साइटवरची मोजमापं, सिमेंटच्या गोण्या, पाऊस. आणि पानोपानी नावं. कुठल्या मुकादमाची टोळी कुठल्या साखळी क्रमांकावर होती. कुणाचा पाय मोडला. दरड पडून गेलेल्या दोघांची नावं, गावं, मागे कोण कोण आहे ते. खुद्द बाबांचं नाव पहिल्या पानावर एकदा, तेही आद्याक्षरांत.

मधल्या माणसाचं हेच काम असावं. वरच्यांना नावं पोचवायला जागा नसते, खालच्यांना स्वतःची नावं लिहायला उसंत नसते. मधल्याला दोन्ही दिसतात. तो नोंद ठेवतो. कधी ठेवत नाही, किंवा घाईत २ वाजून २५ मिनिटं लिहून मोकळा होतो, आणि मग त्याची किंमत मैदानातले लोक मोजतात. कोअरच्या गोष्टीत या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून मला ती नुसती शौर्यकथा म्हणून सांगवत नाही. शिवाय त्याच सेनेतल्या सैनिकांनी त्याच दिवसांत बर्लिनमधल्या असंख्य बायकांवर बलात्कार केले. त्या बायकांची नावं कुठल्याच कापडावर नाहीत. बर्लिनच्या सबंध मोहिमेत ७८ हजारांहून अधिक सोव्हिएत सैनिक मेले. त्यांचीही बहुतेकांची नाहीत.

'रायफल कोअर' हा प्रकार १९५० च्या दशकात बंद झाला. पेरेव्हेर्त्किन १९६१ मध्ये हवाई अपघातात गेले. १५० व्या डिव्हिजनचं नाव मात्र रशियाने २०१६ मध्ये पुन्हा उभं केलं, इद्रित्सा-बर्लिनच्या बिरुदासकट. २०२२ मध्ये ती डिव्हिजन युक्रेनमध्ये, मारिउपोलला होती. बेरेस्तच्या देशात. नावं जपून ठेवली की ती नेहमी चांगल्याच कामाला येतात, असंही नाही.

असो. फार लांबलं. डायऱ्या मी टाइप करायला घेतल्या आहेत. बाबांचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे वेळ लागतोय. मुकादमांच्या नावांपैकी तीन-चार अजिबात लागत नाहीत. आत्या, पुढच्या रविवारी येतो, चष्मा हाताशी ठेव. त्यातल्या कुणाची मुलं-नातवंडं अजून त्या गावात असतील, तर त्यांना त्यांची पानं नेऊन द्यायची आहेत.